पान उलटण्याचा अधिकार

वाचकाच्या हातातून पान काढून घेतले गेले आणि आमच्या साहित्यिकांपैकी एकानेही त्याबद्दल ब्र काढला नाही. एका अनुस्वारावरून आम्ही परस्परांची डोकी फोडू. संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वर्षभर पुरेल एवढी शाई सांडू. पण मजकूर कुठे थांबायचा हे वाचकाने ठरवायचे की यंत्राने, हा प्रश्न मात्र आम्हांला प्रश्नच वाटत नाही. हातातल्या फोनवर अंगठा फिरवावा, मजकूर खालून येत राहावा, आणि तो संपतच नाही म्हणून आपणही उठू नये, अशी ही नवी रीत. हिला वाचन म्हणायचे असेल तर नळाखाली तोंड धरून बसण्याला पाणी पिणे म्हणायला हरकत नाही.

पान ही कागदामुळे नाइलाजाने पत्करलेली अडचण होती, असे सांगणारे पंडित आता निघाले आहेत. त्यांनी एकदा पोथी उघडून पाहावी. सुटी पाने, प्रत्येक पानावर मोजून घातलेल्या ओळी. वाचणारा पान वाची, उलटून पालथे ठेवी, घोटभर पाणी पिई आणि मग पुढचे उचली. कठीण ओवी आली की मागे जाई. पान संपल्यानंतरच्या त्या क्षणभराच्या शांततेत वाचलेले आत उतरत असे. आपल्याकडे गुंडाळी नव्हती असे नाही. जन्मपत्रिका गुंडाळीवरच लिहीत. पण पत्रिका ही वाचायची वस्तूच नव्हे, ती ज्योतिषाने उलगडायची आणि यजमानाने ट्रंकेत ठेवायची. ज्ञानेश्वरीचे पारायण गुंडाळी सोडत सोडत कोणी केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आता गंमत अशी, की वाचकाचा हा अधिकार यंत्राच्या राज्यात प्रथम कोणी ओळखला असेल तर तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांनी. ज्यांना आम्ही 'तांत्रिक मंडळी' म्हणून पंगतीच्या शेवटी बसवतो, त्यांनी.

संगणकाशी बोलायचे म्हणजे पूर्वी टेलिटाइपवर बोलावे लागे. १९६३ साली निघालेले 'मॉडेल ३३' हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदाच्या गुंडाळीवर ठोकी. वेग असा, की वाचणाऱ्याला घाई नव्हती, आणि ठोकलेले सारे कागदावर समोर पडलेले असे. पुढे कागद गेला, काचेचा पडदा आला. १९७८ साली 'डिजिटल इक्विपमेंट' या कंपनीने काढलेल्या 'व्हीटी १००' या टर्मिनलवर २४ ओळी मावत आणि एका ओळीत ८० अक्षरे. टर्मिनल म्हणजे ज्यावर चित्र नाही, सजावट नाही, नुसता मजकूर उमटतो असा पडदा आणि त्याला जोडलेली कळपाटी. आज ते डबडे कोणाच्या टेबलावर नाही, पण त्याची हुबेहूब नक्कल करणारी खिडकी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर उघडी असते. या पडद्यावर दोनशे ओळींचा लेख सोडला की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पहिल्या पावणेदोनशे ओळी वरून निघून जात आणि समोर उरे ते लेखाचे शेपूट! थांबवण्याची कळ होती, नाही कशाला म्हणा. पण तिचा उपयोग धावत्या गाडीची साखळी ओढण्याइतकाच. गाडी थांबे खरी, पण आपल्या स्टेशनावर नव्हे.

त्याच १९७८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत शिकणाऱ्या डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने 'मोअर' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे काम एवढेच, की पडदाभर मजकूर दाखवायचा, तळाशी 'मोअर', म्हणजे 'अजून', एवढा एक शब्द लिहायचा, आणि वाचकाने कळ दाबेपर्यंत गप्प राहायचे. फाइल वाचत असला तर शेकडा किती मजकूर झाला तेही तो सांगे. वाचकाला विचारावे, त्याच्या उत्तराची वाट पाहावी आणि पुढे किती उरले आहे याचा अंदाज द्यावा, ही साधी माणुसकी. या जातीच्या प्रोग्रॅमला इंग्रजीत 'पेजर' म्हणतात. मी त्याला 'पानउलट्या' म्हणतो. कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर मी आनंदाने माझा मागे घेईन.

'मोअर'ला मागे जाणे धड जमत नसे. ही उणीव भरून काढायला मार्क न्यूडेलमन याने १९८३ साली 'लेस' लिहायला घेतला, आणि 'मोअर'हून सरस अशा प्रोग्रॅमला 'कमी' असे नाव देऊन थोडा विनोदही केला. तो आजही लक्षावधी संगणकांवर चालतो आहे. कर्निहॅन आणि पाइक यांनी युनिक्सवर १९८४ साली लिहिलेल्या 'द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट' या ग्रंथात तर विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावा म्हणून असाच एक पानउलट्या घातला. त्याचे नाव 'पी', नुसते एक अक्षर. एका वेळी २२ ओळी दाखवणारा.

याच्या शेजारी २००६ साल ठेवून पाहा. त्या साली एझा रॅस्किन या अमेरिकन आरेखकाने न संपणारे सरकते पान रचले. वाचक तळाशी येण्याआधीच पुढचा मजकूर आणून ठेवायचा, म्हणजे 'अजून?' हे विचारण्याची वेळच येत नाही. पुढे या शोधाबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पण शोध तोवर बाजारात गेला होता, आणि बाजाराला खेद ठाऊक नसतो. १९७८ चा विद्यार्थी वाचकाला विचारीत होता. २००६ नंतरचा व्यापार वाचकाला विचारण्याचे टाळतो, कारण विचारले की माणूस 'पुरे' म्हणण्याचा धोका असतो. शेकडा किती झाले हेही आता कोणी सांगत नाही. ज्याला शेवटच नाही त्याचा शेकडा काढणार कसा?

म्हणून माझी सूचना अशी आहे, की वाचण्या-लिहिण्यावर ज्याचे प्रेम आहे अशा प्रत्येकाने, आणि निदान आमच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांनी, एक पानउलट्या स्वतःच्या हाताने लिहावा. दहा-बारा ओळींचे काम आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, 'तयार मिळत असताना उठाठेव कशाला?' हा प्रश्न विचारणारे गृहस्थ मुलाला निबंधही तयार पुस्तकातून उतरवून देत असणार. तेव्हा त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे. शाळेत संगणकाचा तास असतो. त्यात मुलाला काय येते? चित्रात रंग भरता येतो, पत्राला किनार घालता येते, आणि कोणते बटण कुठल्या कोपऱ्यात आहे ते पाठ येते. यंत्राला स्वतः काही सांगावे, आणि आपण सांगितले तेवढेच ते करते, जे सांगायला विसरलो ते करीत नाही, हा अनुभव त्याला एकदाही येत नाही. तो यायला पानउलट्यासारखे दुसरे साधन नाही, कारण वाचन म्हणजे काय हे मुलाला आधीच ठाऊक असते आणि आता ते त्याला यंत्राला समजावून द्यायचे असते.

कसे, ते सांगतो. पडद्यावर किती ओळी मावतात ते आधी यंत्राला विचारायचे. उत्तर २४ आले, तर एक ओळ आपल्या प्रश्नासाठी राखून ठेवायची, उरल्या २३. मग मजकुराची एक ओळ घ्यायची, पडद्यावर लिहायची, मोजणीत एक मिळवायचा. मोजणी २३ झाली की तळाशी 'पुढे?' असे लिहून थांबायचे. वाचकाने कळ दाबली की मोजणी पुन्हा शून्यावर आणायची. त्याने 'पुरे'ची कळ दाबली तर सारे बंद करायचे. मजकूर संपला की आपणही संपायचे. झाला प्रोग्रॅम.

यात एक खाच आहे आणि तीच या सगळ्या उद्योगाचा प्राण आहे. मजकूर पुष्कळदा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडून, पन्हळीतून पाणी यावे तसा येत असतो. तो ज्या वाटेने येतो त्याच वाटेवर कान ठेवून आपण वाचकाच्या कळीची वाट पाहिली, तर काय होईल? वाचक बोलण्याआधी मजकुराची पुढची ओळच उत्तर म्हणून घेतली जाईल. दर पानागणिक एक ओळ गिळली जाईल, पडदा थांबणारच नाही, आणि एखादी ओळ नेमकी 'पुरे'च्या अक्षराने सुरू झाली तर वाचन आपोआप आटोपेल. वाचकाच्या वतीने मजकूरच उत्तर देऊन मोकळा! आजच्या सरकत्या पानाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. उपाय असा, की मजकूर एका वाटेने घ्यायचा आणि कळ मात्र थेट टर्मिनलकडून मागायची. युनिक्सच्या घराण्यात या दुसऱ्या वाटेचे नाव 'टीटीवाय' आहे, म्हणजे त्या जुन्या टेलिटाइपचेच आखूड रूप. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे वेगळे ठेवले पाहिजे, हे चौदा वर्षांच्या मुलाला उपदेशाने कळत नाही. गिळलेली ओळ दिसली की एका मिनिटात कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे बहुधा संगणकाचेच जाणते असतात. ते म्हणतात, 'टर्मिनल ही इंग्रजीची जागा. तिथे मराठी कशाला नेता?' हे वाक्य ते इतक्या सहजपणे उच्चारतात, की जणू पर्जन्यमानाबद्दल बोलताहेत!

मराठी तिथे नेल्यावर काय होते ते खरोखरच पाहण्यासारखे आहे. पहिले संकट ओळीचे. इंग्रजी प्रोग्रॅमवाले आपला मजकूर आखूड ओळींत तोडून लिहितात. आपण सगळा परिच्छेद एका दमात टंकतो आणि यंत्राच्या दृष्टीने ती एकच ओळ असते. पडद्यावर तिच्या आठ ओळी होतात. आपला पानउलट्या 'एक' मोजतो, पडदा आठ खर्च करतो, आणि वरचा मजकूर पुन्हा निसटतो. तेव्हा परिच्छेद पडद्यावर किती ओळी खाईल हे आधी काढले पाहिजे. म्हणजे अक्षरे मोजून ८० ने भागले पाहिजे. सोपे वाटते ना?

'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. यात अक्षरे किती? पहिलीतला मुलगा सांगेल, चार: म, हा, रा, ष्ट्र. यंत्राला विचारा. युनिकोडची चिन्हे मोजणारा प्रोग्रॅम म्हणेल दहा. कारण काना वेगळा, हलन्ताची खूण वेगळी, ट वेगळा, र वेगळा. साठवणीचे बाइट मोजणारा म्हणेल तीस. कारण सध्या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि इंग्रजी अक्षराला एक. पडद्यावरचे खण मोजणारा एक जुना हिशेब आहे, तो हलन्ताला आणि उकाराला शून्य देतो, कान्याला मात्र एक पूर्ण खण देतो. त्याच्या मते उत्तर आठ. एका शब्दाला चार, आठ, दहा आणि तीस अशी चार उत्तरे, आणि त्यांतले बरोबर उत्तर फक्त पहिलीतल्या मुलाला ठाऊक!

हा काही कोष्टकांचा खेळ नव्हे. ६०० देवनागरी चिन्हांचा परिच्छेद बाइट मोजणाऱ्याला १८०० लांबीचा दिसतो. तो म्हणतो, याला २३ ओळी लागणार, पान भरले. प्रत्यक्षात पडद्यावर सात-आठ ओळीसुद्धा होत नाहीत, आणि वाचकापुढे पाऊण पडदा कोरा ठेवून यंत्र विचारते, 'पुढे?' याच्या उलट, ओळ ८० वर कापायची म्हणून बाइट मोजून सुरी चालवली तर ती अक्षराच्या अंगावरून जाते. एक तृतीयांश 'ष' या ओळीत, दोन तृतीयांश त्या ओळीत, आणि दोन्हीकडे प्रश्नचिन्हांच्या पेट्या. चिन्हे मोजून कापले तर 'महाराष्' वर आणि 'ट्र' खाली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने असे केले असते तर त्याला त्याच संध्याकाळी हिशेब करून घरी पाठवला असता. त्याच्यापुढच्या केसांना शेकडो खण होते, त्याचे शिक्षण बेताचे होते. पण जोडाक्षर मोडायचे नसते हे त्याच्या बोटांना माहीत होते.

यंत्राला अक्षर जमत नाही म्हणून अक्षरालाच यंत्राजोगे करा, हा सल्लाही आपल्याला नवा नाही. लोकमान्यांनी देवनागरीचे खिळे कमी करण्याची खटपट केली, ती निदान लिपीचे रूप राखून. १९५३ साली लखनौच्या लिपिपरिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे नेला, यंत्राची सोय म्हणून. लोकांनी तो मानला नाही आणि थोड्याच वर्षांत इकार आपल्या जागी परत आला. मौज पाहा: आजचा संगणक पोटात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतरच साठवतो, अगदी लखनौच्या मनासारखा, आणि पडद्यावर मात्र तो डावीकडे काढतो, आपल्या मनासारखा. म्हणजे यंत्राची सोय यंत्राच्या पोटात ठेवता येते. तिच्यासाठी वाचकाच्या डोळ्यांत बोट घालावे लागत नाही. १९५३ साली हे कोणाला दिसणे शक्य नव्हते. आज मात्र न दिसण्याचे कारण काय?

कारण एकच, की मागणारा कोणी नाही. चिनी अक्षराला पडद्यावर दोन खण द्यायचे हे केव्हाच ठरून गेले, कारण ती अक्षरे वापरणाऱ्यांनी टर्मिनलवर आपल्या भाषेत काम केले आणि तक्रारी केल्या. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर कुठे संपते याचा नियम युनिकोडवाल्यांनी लिहून ठेवलेला आहे. पण त्या मूळ नियमात देवनागरीचे जोडाक्षर हलन्तापाशी तुटत असे. 'ष्ट्र'चे तीन तुकडे! ते अखंड धरावे ही दुरुस्ती मूळ नियमात आली २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. बत्तीस वर्षे! या बत्तीस वर्षांत आम्ही मराठीच्या अभिजातपणाबद्दल किती ठराव केले असतील त्याची गणती नको. शेवटी २०२४ साली तो दर्जाही मिळाला, पेढे वाटले गेले. माझा पेढ्यांना विरोध नाही. पण ज्या भाषेचे अक्षर कुठे संपते हे यंत्राला सांगायला त्या भाषेचे लोक पुरेसे पुढे आले नाहीत, तिच्या अभिजातपणाचे प्रमाणपत्र यंत्र वाचणार कसे? आणि नियम लिहिला गेला म्हणून तो पाळला जातोच असे नाही. नवा नियम जुन्या प्रोग्रॅमांत उतरायला कोणीतरी बसून ते प्रोग्रॅम तपासावे लागतात, मोडलेली ओळ दाखवून द्यावी लागते. हे काम ठरावाने होत नाही. ते अशा माणसाकडून होते, ज्याने एकदा तरी स्वतःचा पानउलट्या लिहिला आहे आणि त्यात 'महाराष्ट्र' तुटलेला पाहून ज्याला राग आला आहे.

टर्मिनल ही इंग्रजीची जागा आहे म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझे सांगणे असे, की ती जागा इंग्रजीची झाली, कारण पहिला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी मुलाला आम्ही शिकवतो तेच मुळी इंग्रजी मजकुरावर. त्याला आपल्या भाषेतला मजकूर त्या पडद्यावर तुटका, फाटका, प्रश्नचिन्हांनी भरलेला दिसतो आणि तो निमूटपणे निष्कर्ष काढतो की दोष भाषेचा आहे. हा निष्कर्ष तो कोणापाशी बोलत नाही. पुढे वीस वर्षांनी तो मोठ्या पगारावर बसतो आणि 'मराठी तिथे कशाला नेता?' असे आपल्यालाच विचारतो. आज्ञेचे शब्द रोमन आहेत, ते राहोत. लोहार परदेशी हातोड्याने विळा करतोच. पण ज्या मजकुरावर काम करायचे तो गोनीदांचा असो, मुलाच्या आजीने सांगितलेली गोष्ट असो, नाही तर ग्रामपंचायतीच्या सभेचा वृत्तान्त असो. तो मराठी असावा एवढाच माझा हट्ट आहे.

आता तळाच्या त्या प्रश्नाबद्दल. तिथे 'मोअर' लिहू नये, 'अधिक' हे त्याचे भाषांतरही लिहू नये. वाढप्याने पंगतीत विचारल्यासारखे 'पुढे?' लिहावे, आणि नको असेल त्याला 'पुरे'च्या 'प'ची कळ द्यावी. इथे शेवटची एक परीक्षा आहे आणि ती मुलांकडून अवश्य करून घ्यावी. 'प' म्हणजे तीन बाइट. एका कळीला एकच बाइट घेणारा प्रोग्रॅम 'प'चा पहिला तिसरा हिस्सा उचलतो, त्याला तो ओळखू येत नाही, आणि 'पुरे' सोडून दुसरी कोणतीही कळ म्हणजे 'पुढे' असे आपण सांगितले असल्यामुळे तो पान उलटतो. उरलेले दोन हिस्से वाटेतच थांबलेले असतात. ते पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे होतात. वाचक एकदा 'पुरे' म्हणाला आणि यंत्राने तीन पाने उलटली! दुरुस्ती दोन ओळींची आहे: पहिल्या बाइटावरून अक्षर किती बाइटांचे ते कळते, तेवढे सगळे हातात येईपर्यंत थांबायचे, आणि मगच माणूस काय म्हणाला ते ठरवायचे.